घशाशी आंबट पाणी येत असेल तर कपालभाती सध्या नको

जेवल्यावर तासाभरात छातीत जळजळ, रात्री आडवं पडलं की घशाशी आंबट पाणी, एंडोस्कोपीत छोटा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला), आणि बागेतल्या मंडळींनी सुचवलेली कपालभाती सुरू करू का, हा तुमचा प्रश्न. सध्या नको.

हीच चूक मी केली आहे. पहाटे रिकाम्या पोटी रोज पाचशे झटके मारायचो. दोन आठवड्यांत घसा सोलवटून निघाला, आवाज बसला. शिकवणारे म्हणाले, शुद्धी होतेय, थांबू नका. मी आणखी महिनाभर रेटलं.

पुढे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासाचा पडदा असतो. अन्ननलिका त्याच्यातूनच खाली उतरते आणि पडद्याचे स्नायू तिला पट्ट्यासारखे आवळून धरतात. जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेला हा बाहेरून आधार. हर्नियात जठराचा वरचा भाग वर सरकतो, आधार ढिला पडतो. अशा वेळी पोटाला झटके दिले की आतला दाब वाढतो आणि आम्ल वरची वाट धरतं. संथ पोटश्वासात उलट तोच पडदा काम करतो.

ऑस्ट्रियातल्या ग्राट्समध्ये या पोटश्वासावर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण जेमतेम १९, म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे. पण चार आठवड्यांच्या सरावानं अन्ननलिकेतलं आम्ल कमी झालं आणि ज्यांनी सराव सोडला नाही त्यांची गोळ्यांची गरज नऊ महिन्यांनीही कमी राहिली.

सुरुवातीला उताणं झोपून, गुडघे दुमडून शिका, पण भरल्या पोटी नाही. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. नाकानं चार अंक मोजत श्वास घ्या, पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर. सोडताना सहा अंक. पोट मुद्दाम फुगवू नका, इथे बहुतेकजण चुकतात. श्वास रोखायचाही नाही. चक्कर आली तर जोर जास्त लागतोय असं समजा. जमलं की खुर्चीत ताठ बसून, जेवणानंतर दहा मिनिटं. मला खरा फरक याच दहा मिनिटांनी पडला. सारखे ढेकर काढायची सवय असेल तर तीही यानं कमी होते, कारण पोटानं श्वास चालू असताना हवा गिळून ढेकर काढणं अवघड जातं.

गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. घास अडकणं, काळी शौच, उलटीत रक्त, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि आज रात्रीच पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सहा इंच उंचीचे भक्कम लाकडी ठोकळे लावून घ्या. दोन उशा नकोत. त्यांनी पोट दुमडतं आणि जळजळ वाढते.