सहा फुटी कॅनव्हासवर भजनाचा ठेका

प्रश्न : रशियन चित्रकार कॅन्डिन्स्कीच्या मोठ्या, रंगीबेरंगी अमूर्त चित्रांमागे संगीत आहे असं वाचलं. डबलबारी भजनावर (दोन भजनी बुवांच्या सामन्यावर) सहा बाय चार फुटांचं चित्र करायचं मनात आहे. पण सरावाची सगळी चित्रं मातकट झाली. कुठे चुकतंय?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : गाणं लावून सुचतील तसे फटकारे मारणं म्हणजे संगीतातून चित्र नव्हे. कॅन्डिन्स्कीचं ‘कॉम्पोझिशन ७’ (१९१३) दोन बाय तीन मीटरचं. रंगवून झालं चारेक दिवसांत, पण त्याआधी कच्ची चित्रं केली तिसाहून जास्त! पिवळ्यात त्याला ट्रम्पेट ऐकू येई, गडद निळ्यात चेलो, म्हणजे खर्जातलं मोठं व्हायोलिनसारखं वाद्य. तुम्ही पिवळा झांजेला द्या हवा तर. मात्र एकदा दिलात की चित्रभर तेच पाळा.

भजनी ठेका आठ मात्रांचा, तुमची रुंदी ७२ इंच. म्हणजे मात्रेला नऊ इंच. कोळशाने फिकट उभ्या रेघा मारा. समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या घरात सगळ्यात जड आकार ठेवा, दोन-तीन घरं जवळपास मोकळी सोडा. गजरात लय चढते, तिथे साडेचार इंचांची घरं करा. सगळीच घरं भरलीत तर नुसता गोंगाट होईल.

मातकटपणा येतो ओल्यावर ओलं लावल्याने. लाल-हिरवा, पिवळा-जांभळा ओले असताना भिडले की तपकिरी होणारच. पहिला हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिकलाही वेळ लागतो. पिवळा बहुधा पारदर्शक असतो, निळ्यावर थेट लावला तर हिरवट दिसतो. आधी टायटॅनियम व्हाइट या अपारदर्शक पांढऱ्याचा हात, तो सुकला की पिवळा. पिवळ्याचा ब्रश आणि पाणी वेगळं ठेवा.

कापड ८० बाय ५६ इंच घ्या, म्हणजे चारही बाजूंनी चार इंच दुमडायला मिळतात. चौकटीला मधे वरची-खालची लांब बाजू जोडणारी पट्टी हवीच, नाहीतर लांब बाजू आत ओढल्या जातात. पिना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यांकडे मारत जा. रंगाआधी प्रायमरचे, म्हणजे अस्तराचे दोन हात द्या. दमट हवेत कापड सैलावलं तर कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोका. त्यासाठी चौकट पाचरींचीच करून घ्या, खिळे मारलेली नको.

आणि पावसात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र टेकवून लावू नका. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून इंचभर जाडीचे लाकडी ठोकळे लावा. हवा खेळली नाही तर बुरशी मागूनच सुरू होते आणि पुढे डाग दिसेपर्यंत कळतही नाही.