मुंबई ते टोकियो विमानाने अंतर किती? आई-बाबांना पाठवायचंय, किती तास धरायचे?

सरळ रेषेत मोजलं तर मुंबई ते टोकियोचा हानेदा विमानतळ साधारण ६,७३० किलोमीटर. पण तुम्हाला कामाचे आहेत ते तास, आणि ते जाताना वेगळे, येताना वेगळे.

दिल्लीमार्गे जाणं मला सगळ्यात बरं वाटतं. आधी उत्तरेला आणि मग पूर्वेला, म्हणजे उगाच द्राविडी प्राणायाम वाटतो खरा. पण मुंबई-दिल्ली ११४० आणि दिल्ली-हानेदा ५८६० मिळून झाले ७,०००. जेमतेम पावणेतीनशे किलोमीटर जास्त! पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट तशीही उत्तरेला झुकलेली असते. सिंगापूरमार्गे हेच अंतर ९,२०० होतं.

दिल्लीहून टोकियोला साडेसात तासांच्या आसपास लागतात, परत येताना मात्र साडेनऊ. थंडीत त्याहूनही जास्त. हा सगळा जेट स्ट्रीमचा खेळ. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा उंचावरचा वारा हिवाळ्यात जपानवर ताशी ३०० किलोमीटरच्या घरात जातो. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. १९२०च्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून तो मोजला होता. जगभर वाचला जावा म्हणून अहवाल एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत छापला, आणि नेमका म्हणूनच तो बाहेर फारसा कुणी वाचला नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना या वाऱ्याने चांगलंच हैराण केलं.

स्क्रीनवरच्या नकाशात विमान खालून बांगलादेश, म्यानमारकडून जाताना दिसलं तर बाबांना नवल वाटेल. सरळ वाट तिबेटवरून जाते. पण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला लगेच १०,००० फुटांपर्यंत उतरावं लागतं, मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो, आणि तिथे खालची जमीनच चौदा-पंधरा हजार फुटांवर. म्हणून हा वळसा.

जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. रात्री आठला दिल्ली सोडली तर तिथे सकाळी सातला उतरतील. शक्यतो हानेदाचंच तिकीट बघा. नारिता हा दुसरा विमानतळ टोकियो शहरापासून साठेक किलोमीटर लांब आहे आणि रात्रभर बसून आलेल्या माणसांना तो प्रवास जिवावर येतो.

आणि मुंबई-दिल्ली, दिल्ली-टोकियो एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे दुसरं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीने बघायची. मुंबईचं विमान दिल्लीत टी-१ला (टर्मिनल १ला) उतरणार नाही ना, तेही तपासा. टोकियोचं विमान टी-३हून सुटतं, आणि दोन्हींमध्ये चालत जाता येत नाही. बस किंवा टॅक्सी करावी लागते. मधे निदान चार तास तरी ठेवा. आईला चालायचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा.