पर्यावरणशास्त्र ऑनलाइन शिकताय? आधी प्रॅक्टिकलचं विचारा

गेल्या काही महिन्यांतली पत्रं वेगळी काढली तर निम्मा गठ्ठा एकाच विषयाचा निघतो: पर्यावरणशास्त्र ऑनलाइन शिकावं का, आणि शिकून पुढे काय. पत्रं वेगळी, घोळ तोच. त्यामुळे या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून एवढ्याच प्रश्नांना उत्तरं देते आहे.

ऑनलाइन केलेली पर्यावरणशास्त्राची डिग्री नोकरीला चालते का?

डिग्री चालते. आठ आठवड्यांचं प्रमाणपत्र डिग्री म्हणून चालत नाही. लोक दोन्हींना सरसकट ‘ऑनलाइन कोर्स’ म्हणतात आणि मग नोकरीच्या दारात भांडत बसतात. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं वेगळं आणि त्याच विद्यापीठाचा हाच अभ्यासक्रम ऑनलाइन पद्धतीने मान्य असणं वेगळं. माहितीपत्रकावरचा शिक्का पाहू नका, नियामक संस्थेची यादी स्वतः उघडून पाहा. परदेशात जायचं असेल तर तिथल्या मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला प्रवेशाआधी ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. फोनवर कुणीतरी ‘चालतं हो’ म्हणालं, हा पुरावा नव्हे.

पर्यावरणशास्त्र आणि पर्यावरण अभियांत्रिकी एकच ना?

नाही. पाण्यात काय बिघडलंय आणि का, हे शास्त्रवाला शोधतो. ते सुधारण्याचा प्लांट अभियंता बांधतो. जाहिरातीत ‘अभियंता’ लिहिलं असेल तर शास्त्राच्या डिग्रीवर अर्ज करण्याआधी विचारून घ्या.

माझं गणित कच्चं आहे म्हणून पर्यावरणशास्त्र घ्यायचं ठरवलंय. बरोबर ना?

चूक. एका जागी एक तास 60 डेसिबल आणि पुढचा तास 80 डेसिबल आवाज असेल, तर दोन तासांची सरासरी 70 येत नाही, 77 येते. डेसिबल ही लॉगची मोजपट्टी आहे, तिथे साधी बेरीज-भागाकार चालत नाही. संख्याशास्त्राशिवाय तर या विषयात एक पान पुढे सरकत नाही. फार अवघड काही लागत नाही, पण टाळायला म्हणून येत असाल तर नका येऊ.

मी वाणिज्य शाखेचा. सहा वर्षं हिशेबाचं काम करतोय. मला या क्षेत्रात जागा आहे का?

आहे, आणि तुम्हाला वाटते त्यापेक्षा जवळची. विज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गाला प्रवेश बहुधा मिळणार नाही, तिकडे वेळ घालवू नका. कार्बनच्या हिशेबाकडे बघा, म्हणजे कंपनीमुळे पृथ्वी तापवणारे वायू हवेत किती गेले याच्या हिशेबाकडे. जगभरच्या कंपन्या ज्या पद्धतीने हा हिशेब मांडतात तिच्यात तीन खाती असतात: स्कोप 1 म्हणजे स्वतः जाळलेलं इंधन वगैरे, स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेली वीज, आणि स्कोप 3 म्हणजे माल पुरवणाऱ्यापासून तो वापरणाऱ्यापर्यंत बाकी सगळं. कागद तेच, तुमच्या ओळखीचे: डिझेलची बिलं, विजेची बिलं, वाहतुकीच्या पावत्या. हमखास सुटते ती एसी दुरुस्तीची पावती. आर-410ए नावाचा गॅस एक किलो गळून गेला की पृथ्वी तापवण्यात तो 100 वर्षांच्या हिशेबाने सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका पडतो, आणि पावतीवर लिहिलेलं असतं ‘गॅस टॉप-अप’. ही पावती पकडायला हिशेबनिसाचीच नजर लागते. एखादा छोटा कोर्स करा, पण त्याआधी हे काम प्रत्यक्ष करणाऱ्या कुणाशी तासभर बोला.

ऑनलाइन डिग्रीत ‘व्हर्च्युअल लॅब’ असते. तेवढं प्रॅक्टिकल पुरे होईल ना?

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. थोडं लांबलं तरी एकदाच सविस्तर लिहिते.

एक मुलगा आमच्याकडे कामाला आला. डिग्री ऑनलाइन, गुण उत्तम, बोलणं चटपटीत. पहिल्याच आठवड्यात एका नाल्याच्या पाण्याचं सॅम्पल आणायला पाठवला. पाणी काळं, वास असा की रुमाल धरावा. संध्याकाळी तक्त्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा आला: लिटरला 6.4 मिलिग्रॅम. एवढा ऑक्सिजन तर मासे आरामात जगतील अशा नदीत असतो. मी विचारलं, बाटली किती भरली होतीस? म्हणाला, अर्धी. अर्धी बाटली पाणी, अर्धी हवा, आणि दीड तास स्कूटरच्या डिकीत घुसळण. ऑक्सिजन नाल्यातला नव्हताच, बाटलीतला होता.

त्याला सूत्र येत होतं. टायट्रेशन, म्हणजे थेंबथेंब रसायन घालून प्रमाण मोजणं, त्याने पडद्यावर माऊसने दहा वेळा केलं होतं. पडद्यावरच्या बाटलीत बुडबुडा राहत नाही, हाच तर घोटाळा आहे.

खरी पद्धत बघा. 300 मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा न ठेवता बूच लावायचं. मग तिथेच, काठावर उभं राहून, पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन आधी मँगनीज सल्फेट आणि मग अल्कली मिसळलेलं आयोडाइड सोडायचं. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही. लॅबमध्ये पोचायच्या आधी, एकही आकडा न काढता, पाणी जिवंत की मेलेलं ते तुम्हाला कळतं. पुढे आम्ल घालून साका विरघळवायचा, थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, शेवटी स्टार्चचा निळा रंग एका थेंबात जातो. तो थेंब कुठला, हे हाताला कळायला वीसेक बाटल्या जाव्या लागतात.

आणि ही एकाच तपासणीची गोष्ट झाली. जड धातूंसाठी नेलेल्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच 2 च्या खाली न्यावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतो आणि पाणी ‘शुद्ध’ निघतं. जिवाणूंची बाटली निर्जंतुक हवी. पाण्यात क्लोरीन असेल तर ते आधी थायोसल्फेटने मारावं लागतं, नाहीतर जिवाणू वाटेतच मरतात. यातली एक चूक झाली की पुढचं कोट्यवधींचं यंत्रसुद्धा चुकीचाच आकडा देतं, दशांशचिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत. असे आकडे अहवालात जातात आणि अहवालांवर परवानग्या मिळतात. माझी झोप उडते ती इथे.

व्हर्च्युअल लॅब वाईट नाही. प्रत्यक्ष लॅबच्या आदल्या रात्री उजळणीला उत्तम आहे. पण पैसे भरण्याआधी संस्थेला चार गोष्टी विचारा: प्रत्यक्ष प्रॅक्टिकल किती दिवस, कुठे, कोण घेणार आणि त्याचे गुण गुणपत्रिकेत वेगळे दिसणार का. ‘लवकरच कळवू’ असं उत्तर आलं तर तेच उत्तर समजा. प्रॅक्टिकल नसलेला कोर्स घेऊन बसलाच असाल, तर आयएसओ 17025 (तपासणी करणाऱ्या लॅबसाठीचं मानक) ची मान्यता असलेली लॅब शोधा आणि सुटीत दोन महिने बाटल्या धुवायला का होईना, पण जा. कुठली लॅब, कुठलं काम, हे तुमच्या मार्गदर्शकाशी बोलून ठरवा. आम्लांशी खेळ आहे, घरच्या घरी प्रयोग नकोत.

मला घर सोडून कुठे जाणं शक्य नाही. घरूनच पूर्ण करता येईल अशी एखादी शाखा आहे का?

वरचं वाचून हिरमुसू नका. उपग्रहचित्रं आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांवरची माहिती हाताळणं) ही शाखा बरीचशी घरून होते. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1972 मध्ये अवकाशात गेला आणि 2008 पासून ती सगळी चित्रं फुकट मिळतात. युरोपच्या सेंटिनेल-2 ची 10 मीटरची चित्रंही फुकट, क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअरही फुकट. एखादं तळं निवडा आणि त्याची दर वर्षीची कड आखत चला. नोकरी देणारा तुमच्या प्रमाणपत्राआधी असा नकाशा बघेल.

फक्त एक पथ्य. लँडसॅटचा एक ठिपका 30 बाय 30 मीटरचा, म्हणजे 900 चौरस मीटर. त्यात घर, झाडं आणि रस्ता सगळं मिळून एकच रंग दिसतो. प्रत्यक्ष जागेवर काय आहे ते कुणाला तरी पाहायला लावा, मोबाइलवर ठिकाणासह फोटो मागवा. तुम्हाला जाता येत नसलं तरी कुणीतरी गेलंच पाहिजे.

‘पाच दिवसांत आयएसओ 14001 लीड ऑडिटर’ असा मेसेज आलाय. आज रात्री 12 पर्यंत निम्म्या फीची सवलत आहे. भरू का?

नका भरू. ती सवलत उद्याही असेल, परवाही असेल. आयएसओ ही संघटना मानकं लिहिते; 14001 हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक. ती ना कंपनीला प्रमाणपत्र देते ना माणसाला. त्यामुळे ‘आयएसओने प्रमाणित केलेला ऑडिटर’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथेच पान उलटा. पाच दिवसांनी मिळतं ते परीक्षा पास झाल्याचं पत्र. ऑडिटर व्हायला कामाचा अनुभव लागतो आणि जाणत्या ऑडिटरच्या हाताखाली प्रत्यक्ष ऑडिट करावे लागतात. कारखान्यात आधीच काम करणाऱ्याला हा कोर्स उपयोगी पडतो, हे मान्य. नुकतं शिक्षण संपवलेल्याला तो भिंतीवर लावायला होतो. तरीही करायचाच असेल, तर ऑडिटर नेमणाऱ्या दोन संस्थांना आधी विचारा की याच कोर्सचं पत्र तुम्ही धरता का.

मुलगी हट्ट धरून बसली आहे. नातेवाईक म्हणतात, या क्षेत्रात झाडं लावण्यापलीकडे काम नाही. वडील म्हणून काळजी वाटते.

नातेवाईकांपैकी कोण या क्षेत्रात आहे? पत्रात तसं दिसत नाही. अमेरिकेचा राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा 1 जानेवारी 1970 ला झाला, तेव्हापासून मोठ्या प्रकल्पाआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास करण्याची पद्धत बहुतेक देशांत कायद्याने आली. अशा एका अभ्यासाला हवा, पाणी, आवाज, माती, वनस्पती-प्राणी आणि लोकजीवन अशा प्रत्येक विषयाची वेगवेगळी माणसं लागतात. शिवाय सांडपाण्याचे प्लांट, लॅब, कारखान्यांतले पर्यावरण विभाग, नकाशांचं काम, अध्यापन. पगाराचा आकडा मी सांगणार नाही, तो कामागणिक बदलतो. तुम्ही दोघं मिळून या कामातल्या दोन माणसांना भेटा. आणि मुलीला यातलं नेमकं काय आवडतं, ते विचारलंत का?

लॅपटॉप कुठला घेऊ?

8 जीबी रॅमवर सुरुवात होते. उपग्रहचित्रं हाताळायची असतील तर 16.

दोन वर्षं माहिती गोळा करतोय. 31 कोर्सचा तक्ता केलाय, सोबत जोडतोय. कुठला निवडू?

तक्ता पाहिला. फी, कालावधी, रेटिंग, हप्त्यांची सोय, प्रमाणपत्राचा नमुनासुद्धा आहे. प्रॅक्टिकलचा रकाना नाही. या दोन वर्षांत एखादी पदव्युत्तर डिग्री संपली असती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तो रकाना घाला आणि जिथे तो रिकामा राहील त्या ओळी खोडा. माझ्या अंदाजाने चार-पाच उरतील. त्यांना या आठवड्यात फोन करा, तिथल्या प्राध्यापकांशी बोलायचं आहे असं सांगा, प्रवेश विभागाशी नव्हे. आणि प्रवेशाची मुदत कधी संपते ते सगळ्यात आधी विचारा. तुमच्या तक्त्यातल्या दोन ओळींची मुदत मागच्याच महिन्यात संपली आहे.