गाडी सरळ झाली, हात अजून आखडतो

प्रश्न : काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे. दसऱ्याला १६० सीसीची नवी गाडी घेतली. ऊस सुरू झाल्यावर एका सकाळी फर्स्ट शिफ्टला निघालो होतो. गावाबाहेरच्या वळणावर ट्रॉलीच्या चाकांनी आणलेली राड पडली होती. दिसली तेव्हा उशीर झाला होता. ब्रेक दाबला आणि कळायच्या आत उजव्या अंगावर आडवा. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. क्रॅश गार्ड वाकला, ब्रेक लिव्हर तुटला, मनगट सुजलं. एक्स-रेमध्ये काही नाही म्हणाले. शोरूमनं गाडी नीट करून दिली. पण आता वळण आलं की हात आखडतो. रस्त्यावर पाण्याचा ओघळ दिसला तरी बोटं ब्रेकवर जातात. सध्या बसनं कामाला जातो. गाडीला एबीएस आहे, मग पडलो कसा? शोरूमवाले म्हणतात, टायर नवे होते. आई म्हणते, विकून टाक. मामा म्हणतात, नंबरची बेरीज आठ येते, गाडी लाभायची नाही. मित्र म्हणतात, पडल्या पडल्या लगेच चालवायला पाहिजे होतीस, आता भीती बसली ती बसलीच. हप्ते तर चालूच आहेत. काय करू?
– एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : तुझ्या पत्रात एवढी माणसं बोललीत, पण तू का पडलास हे त्यातल्या एकानंही सांगितलेलं नाही. टायर, नंबर, नशीब! शहापुरात माझ्या गॅरेजात पडलेली गाडी आली की मी आधी मालकाला विचारतो, "कुठं पडलास? कुठला ब्रेक दाबलास? गाडी सरळ होती का कललेली?" ज्याला हे नेमकं सांगता येतं तो लवकर रस्त्यावर दिसतो. "काय झालं कळलंच नाही की हो" म्हणणारा बरेच दिवस गाडी नुसती पुसून ठेवतो. तेव्हा आधी तुझ्या एबीएसच्या प्रश्नालाच हात घालतो.

टायरची रस्त्यावरची पकड म्हणजे तुझा महिन्याचा पगार समज. वळताना त्यातला काही खर्च होतो, ब्रेक दाबलास की आणखी. कोरड्या डांबरावर पगार बरा असतो, दोन्ही भागतं. राडीवर तोच पगार एकदम खाली येतो. गाडी वळणात कललेली, म्हणजे होता तेवढा खर्च झालेलाच, आणि त्यात तू पुढचा ब्रेक करकचून दाबलास. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पगार वाढवत नाही. आपल्या साध्या गाड्यांच्या एबीएसला गाडी किती कललीय हेही कळत नाही. चाक फिरत असतं आणि फिरता फिरताच आडवं सरकतं. मागचं चाक सरकलं तर निदान सावरायला एखादा क्षण मिळतो, पुढचं सरकलं की माणूस खालीच. म्हणून तुला "कळायच्या आत" असं वाटलं. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यानं जीव वाचतात यात शंका नाही. पण "आता गाडी घसरतच नाही" असं सांगून जे विकतात त्यांचा मला राग येतो.

टायरचं म्हणशील तर, नवा टायर गुळगुळीत असतो हे खरं. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवायचं. पण दसऱ्यापासून ऊस सुरू होईपर्यंत तू रोज उद्यमबागेला ये-जा केलीस. ते किलोमीटर कधीच होऊन गेले.

आता मनगट. मी लोखंडाचा माणूस, हाडांचा नव्हे, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंगठा ताणून वर कर. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा दिसतो. तिथं दाबल्यावर दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे पुन्हा जा. तिथं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसतच नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. तशीच राहिली तर हाड जुळायला फार त्रास देतं. उजवा हात म्हणजे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, दोन्ही त्याच्याकडे. मनगटातून कळ येत असेल तर हात आखडणारच, आणि तू त्याला भीती म्हणत बसशील.

गाडीचंही तेच. शोरूमनं मोडलेलं बदललं असेल, वाकलेलं बदललंय का ते बघ. सपाट जागी गाडी मेन स्टँडवर लाव, पुढं उभा राहून चाक सरळ धर आणि हँडल बघ. चाक सरळ पण हँडल एका बाजूला, असं असेल तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, पिळलाय किंवा त्यांना वर जोडणारा टी वाकलाय. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, मध्ये कुठं अडकतंय का बघ. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरव. तेलाचा ओला पट्टा लागला तर सील गेलंय. दोन्ही चाकांच्या कडेनं दोरा ताणून बघितलास तर चाकं एका रेषेत आहेत का तेही कळतं, हे काम आपल्याकडचा कुठलाही जुना मिस्त्री दहा मिनिटांत करून देईल. नवा लिव्हर तुझ्या बोटांना लांब पडतोय का, हेही बघ. पडलेल्या गाडीचं हँडल केसभर ओढत असतं आणि चालवणारा म्हणतो, मला पूर्वीसारखं जमत नाही. हेल्मेट मात्र बदलायचंच. आतला फोम एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, बाहेरून नुसता ओरखडा दिसत असला तरी. नवं घेताना आयएसआयचा शिक्का बघून घे.

मित्रांचा सल्ला मला कधीच पटलेला नाही. सुजलेलं मनगट आणि वाकलेला फोर्क घेऊन लगेच पुन्हा बसायचं, ही मर्दुमकी कुणाच्या उपयोगाची? तू थांबलास ते बरं केलंस. पण आता नुसतं थांबूनही चालणार नाही, कारण तुझी बोटं चुकीचं शिकलीत. राड दिसली की ब्रेक, हे डोक्यातून समजावून जात नाही, हातालाच दुसरं शिकवावं लागतं.

त्यासाठी रविवारी सकाळी गावातला मोकळा, सरळ डांबरी तुकडा गाठ. बूट, जाड पँट, हातमोजे, हेल्मेट. एखादा मित्र बरोबर असू दे, तो रस्त्यावर लक्ष ठेवील. (फोन त्याच्या खिशात. शूटिंग नको.) वीसच्या वेगानं सरळ ये आणि फक्त मागचा ब्रेक दाबून थांब. मग फक्त पुढचा, दोन बोटांनी, झटका न देता, आधी हलका आणि मग वाढवत. मग दोन्ही. थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो, कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं जातं. पडल्यावर लोक पुढच्या ब्रेकला हात लावायचं सोडतात आणि पुढच्या वेळी समोर कुत्रं आलं की नुसता मागचा दाबून आडवे होतात. तुझं वैर त्या ब्रेकशी नाही, वळणात दाबण्याशी आहे.

हे करून कंटाळा आला की तीसवर जा. मग एकदा सरळ जाताना, गाडी जराही कललेली नसताना, पुढचा ब्रेक मुद्दाम जोरात दाब. लिव्हरमध्ये थडथड जाणवेल. ते एबीएस. पहिल्यांदा तो आवाज ऐन संकटात ऐकला की माणूस घाबरून ब्रेकच सोडतो, म्हणून आधी ओळख करून घे. १६० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचा ब्रेक जोरात दाबलास तर मागचं जाम होऊन घसटेल, त्यात दचकायचं नाही. हे सगळं अंगवळणी पडल्यावर माळावरच्या मुरुमावर, आणखी कमी वेगात, हँडल सरळ ठेवूनच कर. खालून जमीन थोडी सरकते आणि तरी आपण पडत नाही, हे एकदा हाताला कळू दे.

वळणाचं सांगतो. जो काही ब्रेक दाबायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरताना ब्रेक सोडलेला आणि ॲक्सिलरेटर हलका, एकसारखा. नजर वळण जिथं सुटतं तिथं. राडीकडे बघत राहिलास तर गाडी राडीतच जाते, कारण हात नजरेमागं जातो. एवढं करूनही वळणात राड समोर आलीच, तर जागा असेल तेवढी कललेली गाडी सरळ कर आणि मग हळू ब्रेक दाब. जागाच नसेल तर काहीच न करता, ॲक्सिलरेटर न सोडता, न वाढवता निघून जा. आठ आकड्याचा सराव, अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक धरून, पाठोपाठ करत राहा. लायसनच्या वेळी केला होतास, नंतर कोण करतंय?

आणि त्या वळणावर एकदा चालत जा. गाडी घरी ठेवून. राड नेमकी कुठून येते ते बघ. जवळपास शिवारातली एखादी वाट डांबरावर येऊन मिळत असणार, तिथून ट्रॅक्टर चढतात आणि चाकांची माती पहिल्या काही वाहनलांबीत झडते. आपल्या भागात अशी तोंडं पावलापावलावर आहेत आणि हंगामभर तिथं राड असतेच. सकाळी दव पडल्यावर तर ती साबणासारखी होते, वर उसाचं वाडं आणि पाचट पडलेलं. उद्यमबागेपर्यंतच्या तुझ्या वाटेवरची अशी तोंडं बसच्या खिडकीतून हेरून ठेव. बसचे दिवस फुकट कशाला घालवतोस? तिथं आधीच वेग कमी झालेला असला की ब्रेक दाबायची वेळच येत नाही.

ट्रॉल्यांचं तर काय सांगू. एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीनं माखलेला, वर ऊस बाहेर आलेला. कारखाने आणि अधिकारी दरवर्षी मोहिमा काढतात आणि मार्चपर्यंत पुन्हा तेच. संध्याकाळी त्यांच्या मागं चिकटून जाऊ नकोस आणि उजवीकडून घाईत काढू नकोस, मागची ट्रॉली डुलते.

आईला सांग, हात बरा होऊन सराव होईपर्यंत विकायचा विषय नको, आणि तूही काढू नकोस. नवी गाडी पडल्यावर लगेच विकायला काढलीस तर घेणारा पडलेलीच किंमत सांगतो आणि हप्ते तुझ्याच नावावर राहतात. मामांच्या नंबरचं म्हणशील तर त्यांच्या समाधानासाठी लिंबू-मिरची बांध, माझी हरकत नाही. फक्त ते केबलच्या आणि हँडलच्या मध्ये लोंबणार नाही असं बांध. हँडल वळवल्यावर केबल अडकलेली गाडी माझ्याकडे आली होती, त्या बिचाऱ्याचं लिंबूच आडवं आलं.

हे सगळं करूनही झोपेत पडल्याचं दिसत असेल, रस्त्यावर ब्रेकचा आवाज ऐकून छातीत धडधडत असेल आणि महिना उलटला तरी कमी होत नसेल, तर ते गॅरेजचं काम नव्हे. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ वर. मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. त्यात लाजायचं काही नाही.

पुन्हा कामाला गाडी नेशील तेव्हा आधी सेकंड शिफ्टला ने. उजेड असतो, दव उडालेलं असतं. जाताना गाडीनं, येताना अंधारात नको वाटलं तर गाडी कंपनीच्या स्टँडला ठेवून मित्राच्या मागं बसून ये. पावसात बसनं जा.

प्रश्न : काका, आमच्या मालकांची नवी गाडी तवंदी घाटात खडीवर घसरली. मी मागे होते, दोघांनाही फक्त खरचटलं. ते आता बिनधास्त चालवतात, मी मात्र बसले की डोळे मिटून घेते. ते म्हणतात, तू उलटीकडे झुकतेस म्हणून गाडी डुलते. खरं आहे का?
– एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताई, थोडं खरं आहे. गाडी वळणात कलली की मागचा माणूस घाबरून दुसऱ्या अंगाला कलतो आणि चालवणाऱ्याला हँडलशी झगडावं लागतं. डोळे मिटल्यावर तर वळण कधी आलं हेच कळत नाही, मग अंग आणखी ताठ होतं. उघडे ठेवा. उजवं वळण असेल तर त्यांच्या उजव्या खांद्यावरून रस्ता बघा, डावं असेल तर डाव्या, अंग आपोआप बरोबर राहतं. शक्य असेल तर ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसा. एका बाजूला बसलं की सगळं वजन एकीकडे आणि धरायला एकच हात. साडीच नेसायची असेल तर साडी गार्ड जागेवर आहे का बघा. गाडी छान दिसावी म्हणून पुष्कळ मालक तो काढून ठेवतात.

पण बिनधास्त चालवतात म्हणालात, ते मला आवडलं नाही. तुम्ही मागे असताना वेग किती, हे तुम्ही ठरवायचं. खांद्यावर दोनदा थाप म्हणजे हळू, असं घरातूनच ठरवून निघा, कारण वाऱ्यात तुमचं बोलणं त्यांच्या हेल्मेटमध्ये ऐकू जात नाही. तुमच्या डोक्यावरही हेल्मेट हवं, तेही पट्टा लावून. आणि निपाणीच्या बाजारातून येताना भरलेली पिशवी मांडीवर घेऊन एका हातानं सांभाळत बसू नका. मागं कॅरिअर लावून घ्या, नाहीतर त्या दिवशी रिक्षा करा.