ताप, गोळ्या आणि ‘आई, जरा एकटं सोड’

प्रश्न: माझी ३८ वर्षांची मुलगी स्तनाच्या कॅन्सरच्या चौथ्या स्टेजला आहे. हाडांत पसरलाय, केमो सुरू आहे. मी तिच्या घरी राहायला आलेय. जेव म्हटलं की चिडते, डॉक्टरांशी मी बोलले तरी चिडते. परवा म्हणाली, ‘आई, जरा एकटं सोड.’ सात वर्षांची नात सगळं बघतेय. मी नक्की काय करू?

ताई, तिच्या आठवड्यातले बरेच दिवस आता दवाखाना ठरवतो. उरलेलं तरी स्वतःच्या हातात राहावं, एवढीच तिची धडपड दिसते. म्हणून ‘काही करू का?’ असं मोघम विचारू नका आणि न विचारता करूही नका. नेमकं काम पुढे ठेवा: ‘गोळ्यांची वही मी ठेवू? नातीला शाळेतून मी आणू?’ ती हो म्हणेल तेवढंच उचला. डॉक्टरांकडे गेलात तर बोलू द्यायचं तिला. तुम्ही लिहून घ्या.

एका बाबतीत मात्र तिच्या परवानगीची वाट बघू नका, ती म्हणजे ताप. बऱ्याच केमोंमध्ये डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. अंग गरम लागलं की थर्मामीटर लावा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा जास्त आला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून निघायचं. हुडहुडी भरली तर ताप नसला तरी फोन करा. पॅरासिटामॉल देऊन सकाळ होऊ देणं ही नेहमीची चूक. आकडा खाली येतो, संसर्ग आत वाढतच राहतो. दवाखान्याचा रात्रीचा नंबर आजच मागून घ्या, आणि दारात पहिलं वाक्य हेच: ‘केमो सुरू आहे, ताप आलाय.’ नाहीतर रांगेत बसवतील.

हाडांत पसरलाय म्हणून आणखी एक गोष्ट. पाठीत नवं किंवा वाढत जाणारं दुखणं, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी अडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो, आणि उशीर झाला तर पायांतली गेलेली ताकद परत येईलच असं नाही. हाडांसाठी इंजेक्शन सुरू असेल तर दात काढण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. त्या औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो.

आता जेवण, कारण भांडण तिथेच होतंय. मळमळीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, सांगितलेल्या वेळेवर द्यायची. ऑन्डान्सेट्रॉन या मळमळीच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं, दुखण्यावरच्या मॉर्फिनने तर हमखास. मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या. गरम जेवणाचा वास उठतो, कोमट किंवा गार जेवणाचा कमी येतो. आणि केमोच्या दिवशी तिच्या आवडीचं काही करू नका! मळमळीच्या वेळी खाल्लेल्या पदार्थाची शिसारी बसते आणि ती महिनोन्‌महिने टिकू शकते. तोंड आलं तर एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ, गिळायचं नाही. कोणी आणून दिलेले काढे, चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत; काही औषधांशी ती जुळत नाहीत.

या स्टेजला उपचार आजार आटोक्यात ठेवण्यासाठी असतात. लागू पडतात तोवर चालतात, मग बदलतात. त्यामुळे ‘कधी संपणार हे?’ हा प्रश्न तिला विचारू नका. ‘पॉझिटिव्ह राहा’ही नको. भीती वाटते म्हणाली तर ‘कशाची?’ एवढंच विचारा आणि ऐका. पॅलिएटिव्ह केअरचं नाव ऐकून दचकू नका. वेदना, झोप, थकवा यांसाठी ती उपचारांसोबतच सुरू करता येते, आणि माझ्या मते ती आत्ताच मागावी. थकवा झोपेने जात नाही. झेपेल तेवढं रोज चालल्याने थोडा हलका होतो. तुम्हाला रडू येईल तेव्हा मोकळं व्हायला एखादी बहीण, मैत्रीण असू द्या. तो भार मुलीवर नको.

नातीला काय सांगायचं ते तिची आई ठरवेल. तिने होकार दिला की ‘कॅन्सर’ हाच शब्द वापरा, आणि तीन गोष्टी स्वच्छ सांगा: हा तुझ्यामुळे झाला नाही, जवळ बसल्याने लागत नाही, आणि आई दवाखान्यात असेल तेव्हा तुला आणायला मी येईन.