विमानाची देखभाल नीट होते का, या विचाराने उडायचीच भीती वाटते. काय करावं?

'तांत्रिक बिघाडामुळे विमान रखडलं' अशी बातमी वाचली की तिकीट रद्द करावंसं वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यासाठीच लिहायला बसले. माझा धाकटा भाऊ विमान दुरुस्त करणारा लायसन्सवाला इंजिनिअर आहे. रखडलेल्या विमानात खुशाल बसा.

आपल्या सोलापूरकरांची धास्ती मला कळते. होटगी रोडवरून गोव्याचं विमान ९ जून २०२५ ला सुरू झालं आणि १२ तारखेला अहमदाबादला विमान कोसळलं. पण त्या अपघाताचे तर्क लढवणारे व्हिडिओ बघणं आधी बंद करा.

आम्ही काशीला निघालो होतो, हैदराबादहून. पट्टे लावून झाले आणि दार पुन्हा उघडलं. खिडकीतून पाहिलं तर इंजिनाचं झाकण उघडं, खाली दोघं बॅटरी लावून बघतायत. लोक ओरडायला लागले. आमचे काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाने-पकडवाल्यांच्या हातात जीव दिलाय." आईचा चेहरा पडला. भावाने बारावीनंतर हा कोर्स घेतला, तेव्हाही काकांनी भरल्या घरात हेच ऐकवलं होतं. बारावीला एवढे मार्क, आणि पोरगं शेवटी मेकॅनिकच, म्हणून.

मी तिथूनच भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अक्का, खाली उभा आहे त्याने अजून सही केली नाही, म्हणून थांबलंय. त्याच्या सहीशिवाय कॅप्टनलासुद्धा विमान नेता येत नाही. बस निवांत."

वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे, होते. काकांना ते कधी उलट बोलले नाहीत. त्या दिवशी बोलले. "बाण्याचा धागा तुटला की थांबतो तो माग चांगला. थांबत नाही तो कापड नासवतो."

काकांना हे आजही पटलेलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते, त्यांनीही वाचावं. ती सही म्हणजे नुसता कागद नाही. डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या परीक्षा, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, मग लायसन्स, आणि त्या-त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण, एवढं झाल्यावर तो अधिकार मिळतो. सही करणाऱ्याचं नाव रेकॉर्डला राहतं. एखादा किरकोळ बिघाड तसाच ठेवून उडता येतं, पण कोणता आणि किती दिवस, हे आधीच छापलेलं असतं. सुकाणूच्या यंत्रणेला हात लावला की दुसरा माणूस स्वतंत्रपणे तपासतो. कामानंतर हत्यारं मोजतात. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान हलत नाही. हे 'पाने-पकडवाल्यांचं' काम आहे, काका.

चुका होतच नाहीत असं मी म्हणत नाही. जपानमध्ये १९७८ ला एका विमानाच्या शेपटीकडची दुरुस्ती चुकीची झाली, ती १९८५ ला उघडी पडली आणि ५२० माणसं गेली. १९९० मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच हवेत निघून गेली, कारण बदलताना बोल्ट बारीक लागले होते. आज कामाच्या ज्या सक्तीच्या पद्धती आहेत त्यातल्या कितीतरी अशा अपघातांतूनच आल्यात. उशीर झाला म्हणून खालच्या माणसावर ओरडणारे प्रवासी मला म्हणूनच सहन होत नाहीत. त्याला घाई करायला लावून तुमचं काय भलं होणार आहे?

भीतीचं म्हणाल तर पंखाजवळची सीट घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. पंख हलताना दिसला तर घाबरू नका, तो लवचीकच बनवलेला असतो. आपल्याकडच्या पंख्याच्या विमानाला जुनं समजू नका, आत जेटसारखंच टर्बाइन असतं, आणि एक इंजिन बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरता येतं. मात्र तिकीट काढतानाच छाती धडधडत असेल, श्वास कोंडत असेल, तर आठवडाभर आधी मानसोपचार डॉक्टरांना भेटा. तिथे माझं हे उत्तर पुरणार नाही.