दाखल्यावरची मुदत आधी वाचा

कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी साडेतीन वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. उपचार कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, अपंगत्वाचा दाखला तिथलाच, ७० टक्क्यांचा. 'महाराष्ट्राचा दाखला इथं चालत नाही' म्हणत नाडकचेरीनं (तिथलं महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्जच घेतला नाही. याला दीड वर्ष झालं. सीमाभागातून हा प्रश्न वरचेवर येतो.

दाखला चालतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५८(३) नुसार तो देशभर ग्राह्य आहे. त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

ताई, तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. टक्क्यांच्या खाली 'तात्पुरता' असं लिहिलंय आणि मुदत दोन महिन्यांनी संपते. तुमच्या पत्रात याचा उल्लेखही नाही! लहान मुलांना बहुतेक वेळा तात्पुरताच दाखला मिळतो, कारण वाढीबरोबर टक्के बदलू शकतात. मुदत उलटली की ५८(३) तुमच्या काही कामाचं नाही. त्यात नियमांतल्या २०२४ च्या दुरुस्तीनं दाखला द्यायला सरकारला एकाऐवजी ३ महिने मिळालेत. म्हणजे आज अर्ज केलात तरी मध्ये खंड पडू शकतो. नव्या दाखल्यासाठी याच आठवड्यात केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करा. राहत्या जिल्ह्यात किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी दवाखान्यात, दोन्हीकडे चालतं.

दाखला जिवंत आहे तोवर पेन्शनचा अर्जही लेखी द्या. एका खेपेला घरातल्या माणसाचा रोज बुडतो, अशा आईला तोंडी नकार देऊन परत पाठवणाऱ्यांची मला चीड येते. पण दीड वर्षात तुम्ही एक कागदही दिला नाहीत, मग दाद कशाविरुद्ध मागायची? 'सकाल'चा (कर्नाटकची ठरल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याची योजना) पोच क्रमांक घ्या. नाकारलं तर हिंबरह, म्हणजे नकाराचं लेखी उत्तर मागा, आणि तो कन्नडमध्ये आहे म्हणून तिथंच ठेवून येऊ नका. त्यावर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार होते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करता येईल, पण तिथल्या तारखांमध्ये मुलीची फिजिओथेरपीची मोलाची वर्षं निघून जातील.

मागच्या दीड वर्षाची पेन्शन मिळणं अवघड दिसतं. याच कायद्याच्या कलम २५ मध्ये घराजवळ मोफत उपचारांची तरतूद आहे, उत्पन्नाच्या अटीवर. बेळगावात थेरपी मागताना ते दाखवा, हमी मी देत नाही. 'निरामय' हा सरकारी आरोग्य विमा मात्र काढाच: १ लाखापर्यंत, सेरेब्रल पाल्सी त्यात बसते.

आणि दाखल्याची झेरॉक्स द्या, मूळ कागद कुणाच्या हाती ठेवू नका.